सात नफर

"कितना नफर?" मुबारक विचारतो.
लुकमान परकार मागे वळून मोजतो
आणि दर शुक्रवारी स्वतःला धरायचं विसरतो.
"सात," मी सांगते.

आमच्या घरच्या जुन्या कागदांत
नफर म्हणजे चाकर.
इथे नफर म्हणजे माणूस,
भातापुढे बसलेला कुणीही.
मी रुवीच्या दवाखान्यात रक्ताच्या नळ्यांवर
दिवसभर नावं चिकटवते;
अकरा वर्षांत मला मिळालेली
ही एवढीच बढती.

साडेआठला रियामच्या पायऱ्यांशी जमायचं.
डिसेंबर ते मार्च. पुढे ऊन ऐकत नाही.
डोंगर भाजलेल्या विटेसारखा, गवताची काडी नाही,
तरी शेळ्या कुठून तरी येतात
आणि काहीतरी चघळत असतात.
फिलोमेना म्हणते, पुठ्ठा.
सोनटक्के नवराबायको घरातलं भांडण
पहिल्या वळणापर्यंत आणतात, तिथे दम लागतो.
मल्हार, वय तेवीस, पुढे पळतो, परत येतो,
म्हणजे तो डोंगर दोनदा चढतो.

आणि सगळ्यात मागे बिवलकर.
सिमेंटच्या कंपनीत एकतीस वर्षं हिशेब,
डावा गुडघा.
कोरड्या हौदापाशी एक सपाट दगड आहे,
तिथे ते बसायचे आणि संत्रं सोलायचे,
फोडी मोजून सातांत वाटायचे,
उरलेली शेळीला.
मग मत्राहची जहाजं दिसायची,
मग उतार, मग बाजाराची मागची गल्ली,
पाऊण वाजता मुबारकचं दार.
लुकमान नमाजाला. फिलोमेनाच्या हातात त्याची काठी.
तो आला की शटर वर.

चपला बाहेर. खाली बसायचं.
मधे एकच परात, भाताचा डोंगर, वर बोकड.
बिवलकर शाकाहारी.
चमच्याने आपल्या कडेला बांध घालायचे,
कोकणात भावाभावांत घालतात तसा, सरळ आणि ठाम.
बांधाच्या आत भात, टोमॅटोची चटणी,
खिशातल्या डबीतलं मेतकूट.
सगळे आपापल्या बाजूने पोखरत जायचे.
शेवटी मधला डोंगर ढासळायचा,
रस्सा बांध ओलांडून यायचा,
आणि बिवलकर त्या वेळी नेमके
खिडकीबाहेर बघत असायचे.

जानेवारीत कंपनीने त्यांना घड्याळ दिलं
आणि तिकीट. एकाच बाजूचं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही सव्वाअकरालाच
खाली उतरलो होतो.
शटर बंद. गल्लीत एक मांजर.
पायरीवर सहा जण बसलो,
सोनटक्क्यांनी उरलेलं भांडण पुरं केलं,
मल्हारने फोन काढला, ठेवला, काढला.
इतके दिवस आम्हाला वाटायचं,
बिवलकरांमुळे उशीर होतो.

त्यांचा निरोप आला चिंचवडहून:
सोसायटीच्या बागेत तीन फेऱ्या मारतो,
मग वर जाऊन जेवतो.
वीस मिनिटांत सगळं आटपतं.
गुडघा बरा आहे.
खाली काहीच नाही. मग वेगळा निरोप:
दगडावर बसता ना?

नव्हतो बसत.
आता बसतो.
कुणाचंच काही दुखत नसताना
सहा धडधाकट माणसं
हौदापाशी दाटीवाटीने बसतात.
संत्रं मी नेते. माझ्या फोडी
कधी सारख्या होत नाहीत, शेळीचा फायदा होतो.
कुणी घड्याळ बघत नाही.
उठू या का, असं पहिलं कोण म्हणणार
यावर सगळ्यांचं लक्ष.

पाऊण वाजतो. काठी, नमाज, शटर.
"कितना नफर?"
लुकमान वळतो, बोट नाचवत मोजतो,
एक, दोन, तीन, चार, पाच,
आणि या खेपेला स्वतःला धरतो.
बरोबर येतं. ते त्याला पटत नाही.
पुन्हा मोजतो.

परात येते.
एका कडेला चमच्याने कुणीतरी बांध घातलाय.
बहुतेक सोनटक्के वहिनी.
त्या तर मटण खातात.