समासातला माणूस

गुदैबियात मंडळाचं कपाट आहे.
वरच्या कप्प्यात ग्रंथ. त्यांच्यावर धूळसुद्धा आदरानं बसते.
खाली, पापडाच्या डब्यांमागे,
प्रेमकथा.

मी खालच्या कप्प्याची वाचक.
दिवसभर दातांच्या दवाखान्यात
सहा भाषांत 'आ करा' म्हणते
आणि रात्री एसीच्या घरघरीत एक नायक उघडते.
नायक ठरलेला. रुंद छाती, जीप, थोडा राग,
आणि जबडा असा की डॉक्टर हनाननी
एक्स-रे काढून भिंतीला लावावा.

त्या गुरुवारी पान त्रेचाळीसवर
'मध्यरात्री पौर्णिमेचा चंद्र सागरातून वर आला' असं छापलं होतं
आणि शेजारी समासात, पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत :
पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्तालाच उगवतो.
मध्यरात्री तो डोक्यावर असतो.
नायिकेनं मान वर करावी.

मी मान वर केली.
ट्यूबलाइट होती.

पान एकसष्टवर तो तिला उचलून तीनशे पायऱ्या चढतो.
समासात वजन, उंची, गुणाकार,
उत्तराखाली दोन रेघा. मग :
दीडशेव्या पायरीवर थांबून पाणी प्यावं. तिलाही द्यावं.

मी पुस्तक पोटावर उपडं ठेवलं.
इतक्या वर्षांत एकाही नायकानं
तिला पाणी विचारलं नव्हतं.

खाली लिहिलं, 'आणि ती स्वतः चालली तर?'
पुस्तक परत केलं. दोन आठवड्यांनी उत्तर :
तर उत्तमच. गप्पा मारता येतील.

पुढची आठ पुस्तकं मी छापील मजकुराला
हातही न लावता वाचली.
रजिस्टर होतं. नाव बघता आलं असतं.
पण शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांतली मी नाही.

मग कोजागिरी आली. गच्चीवर पातेलं,
पातेल्याभोवती सेक्रेटरी, भजी, पोरं,
आणि एक काटकुळा माणूस, चष्म्याची दांडी चिकटपट्टीनं बांधलेली,
सगळ्यांना सांगत होता,
"नऊ चाळीसला चंद्र त्या टॉवरमागे जाईल.
पातेलं दोन फूट डावीकडे घ्या."
कुणी घेतलं नाही.
नऊ चाळीसला दुधातला चंद्र गेला.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं,
"दीडशेव्या पायरीवर?"
त्याचं सगळं दूध शर्टावर.

मन्मथ उदगिरे. बंदरावर भरती-ओहोटीची कोष्टकं करतो.
आईबापांनी मदनाचं नाव ठेवलं
आणि पोरगं निघालं लॉगॅरिदमचं.
मला हसू आवरेना. तोही हसला, जरा उशिरा,
आधी खात्री करून.

मग वीस मिनिटं सांगत राहिला
की इथल्या खाऱ्या समुद्राच्या तळाशी गोडे झरे होते,
मोती काढणारे बुडी मारून
कातडी पखालींत पिण्याचं पाणी भरून आणत.
जीपवाल्यानं एवढ्या वेळात
तीनदा तरी मिठी मारली असती.
याचे हात मात्र झऱ्याचा दाब दाखवण्यात गुंतलेले.
मला तहान लागली. त्यानं पाणी आणलं.

फेब्रुवारीत एका भिकार कादंबरीच्या शेवटी,
जिथं लग्नाची सनई वाजते तिथं, समासात प्रश्न होता :
समास सोडवा. 'तूमी'. (२ गुण)
मी लिहिलं, विग्रह : तू आणि मी. प्रकार : द्वंद्व.
त्यानं दोनपैकी दीड दिले.
'इतरेतर' राहिलं म्हणे.
त्या अर्ध्या गुणावरून
मी चार दिवस फोन उचलला नाही,
आणि द्वंद्व म्हणजे काय ते दोघांनाही कळलं.

आता कपाटावर कागद चिकटवलाय :
'पुस्तकात लिहिणाऱ्यास दोन दिनार दड.'
दंडावरचा अनुस्वार राहिलेला.
तो कागदापुढे थांबला, अस्वस्थ, खिसे चाचपत.

पर्समधून पेन्सिल
मीच काढून दिली.