मत आवाजामागून जातं

घंटा वाजली की आठ मिनिटं.
आठव्या मिनिटाला मी दार लावतो.
मंत्री असो की परवा निवडून आलेला पोरगा,
बाहेर राहिला तो बाहेर.
एकदा एकाचा कोट फटीत अडकला,
कोट आत, माणूस बाहेर.
कोट मोजत नाहीत.

होय म्हणणारे उजव्या दालनातून,
नाही म्हणणारे डाव्या.
आणि एक नियम, जो मी माझ्या पोरांनाही सांगायचो:
तोंडाने ज्या बाजूचा पुकारा केलास
पायांनी त्याच बाजूला जायचं.
मत आवाजामागून जातं.
आवाज इकडे आणि पाय तिकडे, हे सभागृहात चालत नाही.
(घरी चालतं. घरी आम्ही सगळेच तसे राहतो.)

फेब्रुवारीतल्या त्या रात्री माझी पाळी अंगणात होती.
वेस्टमिन्स्टरच्या फाटकातून ॲम्ब्युलन्स आली,
वेल्सहून, साडेपाच तासांची.
आत ग्विलिम प्रॉसर, छातीत खाणीची धूळ,
तेवीस वर्षं मागच्या बाकावर बसलेला.
पायांत नुसते मोजे.
पॉलिश केलेले बूट बायकोने कागदी पिशवीत घालून दिलेले,
लागले तर असावेत.

लागणार नव्हते.
चालता येत नाही त्याच्यासाठीही सोय आहे:
सदस्य आवारात हवा
आणि जिवंत हवा.
दोन्हीकडचे प्रतोद येऊन बघतात,
एक मान डोलावतो, दुसरा डोलावतो,
झालं मत.

त्याची प्रतोद डोरीन थ्वेट म्हणाली, "होयमध्ये एक धरा,"
आणि घड्याळ बघत उभी राहिली.
समोरच्या पक्षाचा हेस्केथ आत वाकला.
बॅटरी माझ्या हातात होती.
"बरं वाटतंय का, ग्विलिम?"

मास्कच्या आतून, वाफेत गुंडाळलेला, एकच शब्द आला.
नाही.

मी ऐकला. हेस्केथने ऐकला.
नर्स उशी सारखी करत होती.
नाही कशाला? बरं वाटण्याला?
बिल बंदरांच्या पट्टीचं होतं,
आणि त्याच्या दरीतून समुद्र दिसतही नाही.
की रस्त्याला? बुटांना? तेवीस वर्षांना?
हेस्केथ तसाच वाकलेला.
त्या शब्दाचं त्याला सोनं करता आलं असतं,
निदान भांडण तरी.
मग त्याने ब्लँकेटची सुटलेली कड आत खोचली,
"जिवंत आहे," म्हणाला,
आणि मान डोलावली.

होय तीनशे चार, नाही दोनशे सत्त्याऐंशी.
सतराचा फरक.
त्या एका मतावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं.

ॲम्ब्युलन्स वळवायला जागा पुरेना.
मी उलट्या पावलांनी चालत बॅटरी हलवत राहिलो,
उजवीकडे, अजून उजवीकडे,
थांबा,
आता जरा डावीकडे घ्या.