छापून आल्याची खूण

तळघरात माझं टेबल.
वर तिसऱ्या मजल्यावर हॅस्केटसाहेब.
मधे एक पितळी नळी,
तिच्यातून चिठ्ठ्या खाली येत, वर जात.

मी पेपर तपासायची. एकतीस वर्षं.
ओहायोचे, केंटकीचे, मेनमधल्या कुठल्याशा मासेमार गावाचे,
टपालाच्या पिशवीत ओले झालेले, चुरगळलेले,
एकदा तर आत हेरिंग गुंडाळून आलेला.
पट्टी लावायची, ओळी मोजायच्या
(एका इंचात चौदा; झोपेतून उठवून विचारा),
ठरल्याप्रमाणे छापून आलं असेल
तर निळ्या पेन्सिलीची एक बारीक खूण.

लेमुएल हॅस्केट तेव्हा साहेब नव्हता, नुसता लेमुएल होता.
गाडीभाडं वाचवत त्याने पायी गावं धरली,
संपादकांना म्हणाला,
जुने विनोद भरून जो कोपरा तुम्ही कसाबसा संपवता
तो मला द्या, वर्षाच्या बोलीने.
आणि फिलाडेल्फियात येऊन तोच इंच-इंच विकला.
बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात.
याने मातीसुद्धा आणली नव्हती.
रिकामी जागा, जिच्यावर काही उगवत नाही,
आणि गिऱ्हाइकं रांगेत.

मग त्याला कळलं, जागेपेक्षा शब्द महाग.
बिस्किटवाला क्विंबी पानभर मजकूर घेऊन आला:
कारखाना, चार धुराडी, आजोबांच्या मिशा, मेळ्यातलं पदक.
त्याने सगळ्यावर काट मारली.
ठेवलं एवढंच: अजून कुरकुरीत.
त्या दोन शब्दांवर चेस्टनट स्ट्रीटची इमारत उभी राहिली,
लिफ्टसकट.

नंतर मिसेस ऑर्डवेचं बाळसुख सिरप.
एकशे बारा पेपर, आठवड्यातून दोनदा.
'रात्रभर शांत झोप' हे वाक्य त्यांचंच.
एका गुरुवारी माझ्या ढिगात एक पाकीट निघालं.
आत आमचीच जाहिरात, कात्रीने नीट कापलेली,
मागे पेन्सिलीने:
*झोपला. अजून झोपलाच आहे.*
सही नाही. शिक्क्यातलं गाव पुसट.
मी सवयीने पट्टी लावली.
अठ्ठावीस ओळी. बरोबर.
मग नळीत घालून वर पाठवलं.

उत्तर आलं नाही.
संध्याकाळी साहेब स्वतः खाली उतरले, पहिल्यांदाच,
टोपी हातात.
इकडेतिकडे बघून म्हणाले,
"थंडी वाजत नाही का तुम्हाला इथं, मिस स्प्रेग?"
दुसऱ्या दिवशी शेगडी आली.
सिरप आणखी अकरा वर्षं चाललं.
फक्त 'रात्रभर' हा शब्द गेला.

कायदा झाला तेव्हा सगळ्यांनीच सिरपं सोडली,
साहेबांनीही.
मेजवानीत भाषण केलं: सत्यासारखा खपणारा मजकूर नाही.
पाच पेपरांत छापून आलं. मीच तपासलं.
मी कोण बोलणार?
शेगडी ऊब देत होती,
आणि त्या अकरा वर्षांतल्या साऱ्या खुणा
माझ्याच हातच्या.

परवा मार्चमध्ये गेले. झोपेत, म्हणाले लोक.
मृत्युलेख बासष्ट ओळींचा.
जन्मभर जागा विकणाऱ्या माणसाला
पहिल्यांदा ती फुकट मिळाली.
एक चूक होती, जन्मसालात. मी कळवलं नाही.

आज त्यांचा भाचा वरचा खण रिकामा करतोय.
नळी खडखडली.
एक कात्रण, घडीवर पिवळं पडलेलं,
आणि सोबत कोऱ्या नव्या कागदावर त्याची चिठ्ठी:
*हे कुठल्या खात्यातलं? याचं बिल गेलं होतं का?*

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.
बराच वेळ काढत बसले.