जाताच आहेस तर

शोरूमचं दार आपणहून उघडलं,
काचेवर बोटांचे ठसे नकोत म्हणून असेल.
आम्ही दोघं, रेक्झिनची पिशवी, तिच्यात दोन हेल्मेटं.
ॲक्टिव्हा बाहेर, नो पार्किंगच्या पाटीखाली.

निनाद कुदळे, टाय सैल, वय चोवीस असेल,
म्हणाला, मॅडम, टेस्ट ड्राइव्हचे पैसे पडत नाहीत.
बाणेरमध्ये काहीतरी फुकट आहे
हे ऐकून आमचे हे जरा सावध झाले.

मग त्यानं गाडी सांगायला घेतली, स्थळ सांगतात तशी.
लांबी चार मीटरच्या आत, पण आत ऐसपैस.
सीटमधून गार वारं. छताला काच.
दिव्यांचे रंग चौसष्ट, कलांइतके, मूडप्रमाणे.
चिडलेल्या माणसाला कोणता, यांनी विचारलं.
त्यानं खरंच शोधला. जांभळा निघाला.

आणि टर्बो आहे, मॅडम.
टर्बो म्हणताना आवाज खाली आणला,
मोठ्या घराण्याचं नाव घ्यावं तसा.

मी गप्प.
चाकणला, बॅलन्सिंगच्या सेलमध्ये, सात नंबरच्या मशीनवर
अकरा वर्षं तेच चाक फिरवतेय मी.
तळहातात मावणारं,
मोदकाला पाऱ्या पाडाव्यात तशी पाती.
एका अंगाला जड निघालं तर
तिथला धातू खरवडायचा, मिठाच्या चार कणांएवढा,
पुन्हा फिरवायचं, पुन्हा बघायचं.
मिनिटाला दोन लाख फेरे घ्यायचे असतात त्याला,
तेही सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जिवावर.

नव्या मुलींना मी असं शिकवते:
धुराचं काम संपलंय,
तो पायात चपला सरकवतोय,
तेवढ्यात आतून हाक येते,
जाताच आहेस तर एवढं चाक फिरवून जा.
मुली हसतात. लगेच कळतं त्यांना.
इंजिनिअर साहेबांना अर्धा तास लागतो.

गाडी मी चालवली. हे मागे, पिशवी मधल्या सीटवर.
गाडी बोंबलू लागली, प्रवाशाने पट्टा लावावा.
पिशवीला पट्टा लावला, तेव्हा गप्प बसली.

पाषाणला तिनं लेन शोधली.
स्टिअरिंग थरथरलं, सावध, लेन सुटतेय.
लेन नव्हतीच. खोदली, बुजवली,
मग काहीतरी राहिलं म्हणून परत खोदली.

सिग्नलला पडद्यावर आमचीच गाडी वरून दिसली,
गच्चीतून कुणी वाकून पाहावं तशी.
डावीकडे स्कूटरवर एक बाई, तोंडाला स्कार्फ,
तिच्याभोवती लाल चौकट.
रोज कुणाच्या तरी पडद्यावर
मी अशी येत असणार,
फार जवळ आलेली एक वस्तू.

चांदणी चौकाच्या चढावर पाय दाबला.
काही नाही.
याला लॅग म्हणतात, निनाद घाईनं म्हणाला,
यात अगदी कमी आहे हो.
मला ठाऊक होतं. चाक जागं होत असतं तेव्हा.
गाणं बंद केलं. एसी बंद केला. काचा वर.

आली.
कुकरची शिट्टी व्हायच्या आधी
वाफ नाकातून ओढल्यासारखी येते, तेवढीच.
कणकण नाही. घरघर नाही.
पाठ सीटला टेकली आणि चढ संपला.

सात नंबरचंच असेल असं नाही.
नऊ मशिनी, तीन शिफ्टा.
रात्री पद्मिनी लांडगे असते,
तिचा हात माझ्याहून नेटका, तिला पटत नाही ते.

मॅडम, आवाज येतोय का कुठून?
सर्व्हिसला सांगू?
म्हटलं, राहू दे. असाच राहू दे.

ऑन रोड किती, यांनी विचारलं.
आकडा ऐकून पिशवीचा पट्टा सोडला.

बाहेर ॲक्टिव्हा तिसऱ्या किकला लागली.
हे म्हणाले, जाताच आहोत तर दळण घेऊ,
गिरणी एकला बंद होते.
पिठाचा डबा एका बाजूला कलत होता.
बावधनपर्यंत मी तो मांडीवर सरकवत राहिले,
थोडा इकडे,
थोडा तिकडे.