बारा डॉलरच्या आतले

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या गावी कोर्टाला पायरीच नव्हती.
न्यायाधीश तीन महिन्यांनी एकदा घोड्यावरून येत
आणि खानावळीच्या मागच्या खोलीत
सायडरच्या पिंपांना टेकून न्याय बसे.

तिथेच एलिफलेट स्टॅनर्ड यांना मी प्रथम पाहिलं.
एका पांढऱ्या ओकवर ते तासभर बोलत होते.
खरेदीखतात होतं: ओकपासून दक्षिणेला सत्तर काठ्या, मग ओढा.
ओक कुणीतरी जाळला होता. ओढ्याने वाट बदललेली.
नसलेल्या झाडापासून नसलेल्या पाण्यापर्यंत
त्यांनी एक अख्खं शेत सिद्ध केलं,
आणि फी म्हणून चीजचे दोन गड्डे काखेत मारून घरी गेले.

मी सतरा वर्षांचा. त्यांच्याकडे उमेदवारीला लागलो:
हंसाची पिसं तासायची,
शाई गोठली तर चुलीशी धरायची,
आणि त्यांचं अक्षर लावायचं,
जे त्यांच्या बायकोलाही लागत नसे.

झेरा फोल्समवरचा दावा मीच स्वच्छ लिहून काढला.
झेरा पिंपं करी, बादल्या करी.
दुकानदार पेलाटाया ब्रिगचे अकरा डॉलर देणं लागत होता.
कागद चोख होता. सही त्याचीच होती.
स्टॅनर्डनी सात मिनिटांत खटला जिंकला
आणि हातमोजे कुठे ठेवले ते शोधू लागले.

कर्जदारांच्या कोठडीच्या खिडकीला काच नव्हती.
फेब्रुवारीत झेरा खोकू लागला.
मार्चमध्ये, मेपलचा रस उतरतो त्या आठवड्यात,
गावातल्या प्रत्येक झाडाखाली त्याचीच बादली
थेंब थेंब भरत असताना,
रखवालदाराने त्याला घोंगडीत गुंडाळून बाहेर आणलं.

स्टॅनर्ड काही बोलले नाहीत.
फक्त रात्री, मेणबत्ती विझवताना:
सात मिनिटंच ना रे?

पुढच्या वर्षी गावाने त्यांना विधानसभेवर पाठवलं.
घोडा बरा होता त्यांचा, आणि दुभती गाय नव्हती.
नऊ वर्षं.
भटक्या डुकरांचा कायदा, लांडग्याच्या कानांवरचं बक्षीस,
नावेचं भाडं, पुलाची रुंदी
(गवताच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या तर): सगळं त्यांचं.
आणि दर ऑक्टोबरला एक मसुदा:
देण्यापायी माणसाला कोंडू नये.
दर ऑक्टोबरला तो पडे.
मी दर सप्टेंबरला तो पुन्हा लिहून काढी.

नवव्या वर्षी पास झाला. छाटून छाटून
कुंपणाच्या खुंटाएवढा उरलेला:
देणं बारा डॉलरच्या आतलं असेल, तर कैद नाही.
कुणीतरी विचारलं, बाराच का? दहा का नाहीत?
स्टॅनर्ड उठले. नसलेल्या झाडावर तासभर बोलणारा माणूस.
म्हणाले, "अकरा त्यात बसतात."
आणि बसले.
सभेला वाटलं, म्हातारा थकला.

तिथून घरी न जाता घोडा सरळ फोल्समच्या दारी.
मेहिटेबल वाळल्या घेवड्याच्या शेंगा सोलत होती.
त्यांनी उंबऱ्यात उभं राहून कायदा वाचला, अथपासून इतिपर्यंत,
सदरहू, उपरोक्त, येणेप्रमाणे,
एकही शब्द न गाळता.
तिने मान वर केली नाही.
"दार लावून घ्या," म्हणाली, "वारा येतोय."

आत येऊन की बाहेर जाऊन, ते तिने सांगितलं नाही.
मी दोन्ही घोडे धरून उभा होतो.
ते बराच वेळ उंबऱ्यावर होते.

त्यांच्या माघारी मालमत्तेची यादी करायला
कोर्टाने मला आणि ब्रिगच्या मुलाला नेमलं.
पुस्तकं एकोणीस, त्यांतली तीन उंदरांनी वाचलेली.
चष्मा, एका काचेचा.
लोकांनी न दिलेल्या फीच्या चिठ्ठ्या, पेटीभर,
दावा एकीवरही नाही.
बादली, ओकची, जुनी.
ब्रिगचा मुलगा म्हणाला, वीस सेंट लिही.
मी पाणी भरून पाहिलं. खाली हात फिरवला.
कोरडा.
पंचवीस लिहिले.