वानवळा

कुस्कोक्विम नदी समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे
सप्टेंबरअखेर गवत तांबूस पडतं
आणि अगाफ्या मावशी पातळ तळव्याचे जुने बूट शोधते,
ह्या एकाच कामासाठी ठेवलेले.
टाच टेकवते. उचलते. पुन्हा टेकवते.
सुईणीनं पोट चाचपावं तशी टंड्रा चाचपते.
मागून मी.
पाठीवर साठ पत्र्याचे सापळे,
खिशात वही, काटा, ओटचे दाणे.

विद्यापीठात मला ह्या जीवाचं नाव शिकवलं: व्होल.
आखूड शेपटी, बोथट नाक, केसांत बुडालेले कान.
लॅटिन नावाचा अर्थ, घर चालवणारा.
चालवणारी म्हण, मावशी म्हणाली,
पुरुष कसला साठवतो.

वहीत ती सदतीस नंबरची.
डाव्या कानात बिल्ला, वजन एक्केचाळीस ग्रॅम.
एकवीस दिवसांत बाळंत होते,
ओली बाळंतीण असतानाच पुन्हा गाभण,
आणि महिन्याची लेकही पोटुशी.
एवढं करून ह्या गावात म्हातारं कुणी होत नाही.
घुबड, कोल्हा, पांढऱ्या कोटातला वीझल,
सगळ्यांचं पोट तिच्यावर.
माझी शिष्यवृत्तीसुद्धा.

टाच जराशी खचली.
इथे, मावशी म्हणाली.
अर्धगोल सुरीनं तीन बाजूंनी हिरवळ कापली,
चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून उलटली.
खाली कापूसगवताची मुळं,
पेराएवढी, एका मापाची, माती झटकलेली,
घाईत भरलेली नव्हेत,
रचलेली.
आणि कोपऱ्यात पांढरा पुंजका.
ओळखला मी.
रात्री गारठून मरू नयेत म्हणून
सापळ्यात ठेवते तो माझाच कापूस.

मावशीनं निम्म्याहून कमी घेतलं.
हातचं राखून घ्यायचं,
हिवाळा तिलाही काढायचाय.
मग खिशातून सुक्या सामनचा तुकडा काढून
त्या खळग्यात ठेवला,
हिरवळ मिटली, तळव्यानं दाबली.
शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये.

मी वहीत लिहिलं: साठा, अंदाजे दोन किलो.
माशासाठी रकाना नव्हता.

रात्री सीलच्या तेलात मुळं शिजली.
गोडसर. दाताखाली थोडी वाळू.

जानेवारीत पाऊस आला.
इथे जानेवारीत पावसाचं काही काम नसतं.
बर्फाच्या पोटात, जमिनीला लागून
एक बोटभर पोकळी असते,
तिथे त्यांचे बोगदे, त्यांची ऊब, त्यांची ये-जा.
पाणी तिथवर झिरपलं आणि रात्रीत त्याची काच झाली.
वर आम्ही घसरलो, हसलो,
एव्हननं पाय मोडून घेतला, त्याचंच आठवडाभर कौतुक.
खालचं काही ऐकू आलं नाही.

जूनमध्ये साठ सापळे, चार रात्री.
दोन चिचुंद्र्या.
एक भिजलेला, रागावलेला पक्षी.
व्होल: शून्य, शून्य, शून्य, शून्य.
प्राध्यापकांनी कळवलं, दर तीन-चार वर्षांनी संख्या कोसळते,
चक्र आहे, थांब.
असेलही.
आलेखाला खाली जायची सवय आहे,
वर यायचीही होती.

ह्या सप्टेंबरला पुन्हा टाच. टाच. टाच.
अर्धा दिवस जमीन कुठेच खचली नाही.
घुबडांनी तर कधीच मुक्काम हलवला होता.
मावशी गवताच्या ढेकळावर बसली,
थर्मासातला चहा प्यायली, मला विचारलं नाही.
मग उठून सरळ चालत गेली
गेल्या वर्षीच्या त्या जागेवर.
हिरवळीतली शिवण अजून दिसत होती.

तिनं ती उघडली. आत डोकावली.
मला मध्ये येऊ दिलं नाही.
मासा ठेवला
आणि मागे न बघता हात पुढे केला.
मी सुरी दिली.
सुरी नको, म्हणाली, कापूस दे.

चिमूटभर काढला मी.

चिमूट कसली, म्हणाली,
साठही सापळ्यांतला दे.