साडेतीन बाय दोन

इस्माईलभाई आता माप घेत नाहीत.
फोन उचलला की विचारतात, "तीच ना? देवघराची?"
आणि सायकलला काच बांधून
अकोट्याहून पायी निघतात, सायकल हातात धरून.

हा चौदावा चेंडू.
लोणच्याची बरणी भरत आली.
एकावर हसरा चेहरा आहे, एकावर कुठल्याशा बँकेचं नाव,
मारणाऱ्याचं एकावरही नाही.

विचारायला गेले.
सेक्रेटरी म्हणाले, चेंडू खेळाडूचा.
खेळाडू म्हणाले, त्या दिवशी वारा होता.
बिल्डरने छापलं होतं "खिडकीतून हिरवळ",
ती कधी खिडकीतून आत येईल
हे बारीक अक्षरांतसुद्धा नव्हतं.
विम्याच्या मुलाने बोट फिरवलं
आग, पूर, भूकंप, दंगल यांवरून,
"काकू, तुमचं यात कशातच बसत नाही हो."
आणि निघताना प्रत्येकाचं एकच:
घर घेताना मैदान दिसलं नव्हतं का?

दिसलं होतं.
आवडलंही होतं.

येतो फक्त कनू राठवा.
भिंतीवरून नाही, फाटकातून,
चपला बाहेर काढून.
"बेन, दडो."
चेंडू हरवला तर त्याचे पैसे कापतात.
देवांच्या अंगावरच्या काचा तो एकेक वेचतो,
बाळकृष्णाला फुंकर घालतो.
मी म्हणते, राहू दे रे, तू थोडाच मारलास?
तो म्हणतो,
पिशवी तर माझ्याच खांद्यावर होती.

त्यानेच परवा गच्चीवरून दाखवलं:
उंच गवताच्या कडेला टिटवी बसली आहे,
उघड्यावर, चार अंड्यांवर.
भोवती चार काठ्या, चार लाल फडकी.
तिथे चेंडू गेला तर हातानं उचलून
लांब ठेवायचा.
नियम आहे म्हणे. सगळे पाळतात.

टिटवीने समुद्र आटवला म्हणतात.
मला एवढं नको होतं.
रात्री जुना लाल परकर फाडला
आणि गच्चीच्या चार कोपऱ्यांना बांधला.
सकाळी शेजारच्या शितोळ्यांनी विचारलं,
आज काय उत्सव?

रविवारी पंधरावा आला.
पण त्याच्या आधी, भिंतीपलीकडून,
कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं,
"फोर!"
(चौकार नव्हे. सावध, असा त्याचा अर्थ.
हेही कनूनेच शिकवलेलं.)
मी निरांजन हातात घेऊन
होते तिथेच खाली बसले.
काच गेलीच.

इस्माईलभाईंना अजून फोन केलेला नाही.
कनूलाही म्हटलं, नको वेचू,
असू देत आज तशाच.
पंधरा चेंडूंत पहिल्यांदाच
पलीकडे माणूस असल्याचं ऐकू आलं.
फाटकाची कडी काढून ठेवली आहे.
ज्याला आवाज आहे
त्याला पायही असतील.